तळव्यांवर बसणारा कोच

शनिवारी दुपारी एल्मक्रीक कॉलेजच्या मैदानावर लोक सामना बघायला येत हे खरं, पण त्यातले निम्मे ॲक्सेल लुंडीनला बघायला येत. पहिली शिट्टी झाली की हा उंचापुरा माणूस बाकाच्या टोकाला जाऊन बसायचा, दोन्ही हातांचे तळवे मांड्यांखाली सारायचा आणि सामना संपेपर्यंत हूं की चूं करायचा नाही. कोंबडी अंड्यांवर बसते तसा. न्हाव्याच्या दुकानात त्यावरून रोज नवा विनोद निघायचा. "काय कोच, या शनिवारी किती पिल्लं?" असं विचारल्याशिवाय तिथला वस्तरा हलतच नसे.

नियमच तसा होता. फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन खेळाचा, सामना चालू असताना कोचने बाहेरून एक शब्द पुरवला, नुसतं बोट जरी दाखवलं, तरी संघाला पंधरा यार्डांचा दंड बसे. बदली म्हणून आत गेलेल्या पोरानेही पहिला डाव होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हिवाळ्यात बास्केटबॉललाही तीच तऱ्हा. खेळ थांबवून घेतला तर पोरं मैदानातच कोंडाळं करून आपसांत बोलणार, कोच आपला बाकावर. सोमवार ते शुक्रवार काय शिकवायचं ते शिकवा, शनिवार पोरांचा.

नियम सगळ्यांना होता. पाळायचा मात्र एकटा लुंडीन. शेजारच्या टॅनर गावच्या कॉलेजचा कोच होमर टाल्बट याला दर शनिवारी खोकला व्हायचा. एकदा खोकला की पळायचं, दोनदा खोकला की चेंडू फेकायचा. खडखडीत उन्हातही तो असा खोकायचा की वाटावं, आता याला दवाखान्यात न्यावं लागणार.

"अहो कोच, तुमचं काय जातं जरा खोकायला?" न्हाव्याने एकदा वैतागून विचारलं.

"मला सर्दी झालेली नाही," ॲक्सेल म्हणाला.

तो या गावात आला एकोणीसशे तेवीस साली, मिनेसोटाहून. कॉलेजला फुटबॉलचा कोच हवा होता. मुलाखतीत प्राचार्य बेंगस्टन यांनी त्याला कॉफी दिली आणि विचारलं, "बास्केटबॉल येतं का?"

"नाही."

"हरकत नाही. नोव्हेंबरपर्यंत शिकून घ्या. पगार एकच आहे."

त्याने शिकून घेतलं. फुटबॉलच्या मोसमात ज्या पोरांच्या खांद्याला गाद्या बांधायचा, तीच पोरं थंडी पडली की चड्डी-बनियनवर व्यायामशाळेत उभी राहायची. ऑक्टोबरातल्या मुक्या माराचे डाग डिसेंबरातही अंगावर निळे असायचे. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा तोच, बुटांचे खिळे ठोकायचा तोच, चेंडूत हवा भरायचा तोच. वर आरोग्यशास्त्राचा एक वर्ग घ्यायचा आणि त्यात पोरांना नखं दाखवायला लावायचा. सदरे धुवायची ती हेडविग, त्याची बायको. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात सगळा संघ दोरीवर वाळत असायचा आणि त्याखालून वाकून वाकून ती बटाट्याचे सॉसेज तळायची. "देवाने मला मूल दिलं नाही," ती म्हणायची, "पण धुणं मात्र तीस पोरांचं दिलं."

ॲक्सेलची शिकवायची एक रीत होती. सरावात सगळे धावत असताना मध्येच शिट्टी मारायचा. पोरं जिथल्या तिथे थिजायची. मग कुणाही एकासमोर जाऊन विचारायचा, "काय दिसतंय तुला?"

"कोच, समोरचा डावीकडे झुकलाय."

"मग मला काय सांगतोस? उजवीकडून जा!"

आणि एखादा भांबावून "काही नाही दिसत, कोच" म्हणाला, तर ठरलेलं उत्तर होतं: "डोळे घरी विसरून आलास की काय? जा, आईला फोन कर, पाठवून देईल."

हा प्रश्न हळूहळू गावभर झाला. कॉलेजातून शिकून गेलेला ढोरांचा डॉक्टर ओबर्ग अडलेल्या गायीशी झटताना स्वतःशीच पुटपुटायचा, "काय दिसतंय, काय दिसतंय." लुंडीनच्या हाताखालून गेलेली पोरं कुठेही ओळखू यायची. ती आधी बघायची आणि मग आपलं आपण ठरवायची. ॲक्सेलला याचा अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत पडत नसे. एवढी वर्षं काढली, दोनदा विजेतेपद आणलं, युद्धाच्या वर्षांत धड अकरा पोरं उभी राहत नव्हती तेव्हा पाद्री व्हायला आलेल्या मुलांना घेऊन सामने काढले. आपलं काम आपल्याला येतं, हे त्याला ठाऊक होतं.

त्याचा दुसरा नियम मात्र कुठल्याही पुस्तकातला नव्हता, त्याचा स्वतःचाच होता. सोमवारी शनिवारचं नाव काढायचं नाही. जिंकलो तरी नाही, हरलो तरी नाही. शिळ्या कढीला ऊत आणणाऱ्या पोरांचा पुढचा शनिवारही नासतो, असं त्याचं पक्कं मत होतं. गावाला हा नियम मानवला, कारण गाव स्वीडिश लोकांचं. एल्मक्रीकच्या माणसाला माया दाटून आली तरी तो कॉफी ओततो आणि राग आला तरी कॉफीच ओततो. कुठली कशासाठी, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

या नियमाची पहिली मोठी कसोटी लागली सत्तावीस साली.

त्या वर्षीचा टॅनरशी शेवटचा सामना. चिखल, वारा, आणि आपण एका गुणाने मागे. संपायला दोन-चार मिनिटं उरली असताना आपली पोरं त्यांच्या रेषेपासून दोन यार्डांवर येऊन ठेपली. चौथा डाव, म्हणजे शेवटची संधी. लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवला की तीन गुण आणि सामना खिशात. डाव पुकारायचं काम क्लॅरेन्स हॅगलंड या पोराकडे होतं. त्याने लाथ मारायचा डाव पुकारला नाही. चेंडू पोटाशी धरून तो स्वतःच माणसांच्या भिंतीत घुसला. ढिगारा बाजूला केला तेव्हा चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे होता. आपण हरलो.

ॲक्सेल तळव्यांवर बसून होता. पुढच्या सोमवारी सरावाला क्लॅरेन्स आला तो मान खाली घालून. ॲक्सेलने त्याला चेंडू फेकला आणि बास्केटबॉलचा सराव सुरू केला. शनिवारबद्दल चकार शब्द काढला नाही. पोराला सांभाळून घेतलं, असं त्याला वाटलं. त्या संध्याकाळी तो हेडविगला तसं म्हणालाही.

क्लॅरेन्स पुढे मोठा झाला. बापाची गव्हाची कोठारं त्याने तिप्पट केली, कॉलेजच्या विश्वस्तांचा अध्यक्ष झाला. त्याचा मुलगा डीन आता ॲक्सेलच्याच हाताखाली खेळत होता, आणि बास्केटबॉलच्या संघाचा कप्तान होता. रविवारी चर्चच्या तळघरात क्लॅरेन्स ॲक्सेलच्या कपात कॉफी ओतायचा. ॲक्सेल ती मायेची समजून पीत आला होता.

एकोणपन्नास सालच्या फेब्रुवारीत, टॅनरशी सामना चार दिवसांवर आला असताना, क्लॅरेन्स व्यायामशाळेत आला. ॲक्सेल पायरीवर बसून चेंडूची शिवण तपासत होता.

"कोच, नवा नियम वाचलात ना?"

"वाचला." त्या मोसमापासून बास्केटबॉलमध्ये खेळ थांबवला की कोचला पोरांशी बोलायची मुभा मिळाली होती.

"मोसम संपत आला. तुम्ही अजून एकदाही उठला नाहीत. पोरं तिकडे उभी, तुम्ही इकडे बसलेले."

"मुभा आहे, सक्ती नाही."

क्लॅरेन्सने हॅट काढली, परत घातली. "सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. विद्यापीठातून एक तरुण कोच यायला तयार आहे. हुशार आहे, फळ्यावर आकृत्या काढतो. मी अजून होकार दिलेला नाही."

"फुटबॉलसाठी की बास्केटबॉलसाठी?"

"दोन्हीसाठी."

ॲक्सेलने चेंडू बाजूला ठेवला. आपला आवाज शांत आहे याचं त्याचं त्यालाच बरं वाटलं. "क्लॅरेन्स, सरळ बोल."

"सरळच बोलतो. शनिवारी वेळ आली की उठायचं आणि पोरांना काय करायचं ते सांगायचं. सांगितलंत तर मी तुमच्या बाजूने. नाहीतर मी त्या तरुणाला बोलावतो." मग त्याचा चेहरा एकदम लाल झाला. "सत्तावीस साली तुम्हाला दिसत होतं सगळं. मी वीस वर्षांचा होतो! तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मी लाथ मारायला लावली असती. पंधरा यार्ड गेले असते तर गेले असते. तुम्ही हात दाबून बसलात आणि मला हरू दिलंत. या गावात आजही कुणी मला कॉफी पाजली ना, तरी मला वाटतं, याला ती वीतभर जागा आठवत असणार. डीनच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही."

ॲक्सेल बघतच राहिला. बावीस वर्षं! दर रविवारी हा माणूस आपल्या कपात राग ओतत होता आणि आपण साखर घालून पीत होतो.

उत्तर त्याच्याकडे होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. पण आत्ता ते बोलणं म्हणजे नोकरीसाठी केलेली सारवासारव दिसली असती. त्याने ते गिळलं. "शनिवारी ये," एवढंच तो म्हणाला.

घरी हेडविगने सगळं ऐकून घेतलं. "मग? बोलणार आहेस का तू?"

"सव्वीस वर्षं पोरांना सांगितलं, तुमचे डोळे तुमचे. आता एका शनिवारी म्हणू, थांबा, माझे घ्या?"

"तसं म्हणू नकोस. पण ॲक्सेल, तोंड उघडलं म्हणजे हुकूमच सोडला पाहिजे असं कुठे लिहिलंय? घरात तर तू मला सारखं विचारतोस, चष्मा कुठे, मोजे कुठे. त्याने माझं काही बिघडलेलं नाही."

तो हसला. पण ते वाक्य त्याने डोक्यात ठेवून दिलं.

शनिवारी व्यायामशाळा खच्चून भरली. ती होतीच केवढीशी. एका टोकाला नाटकाचा मंच, त्यावर चर्चच्या बायका खुर्च्या टाकून बसलेल्या. दुसऱ्या टोकाची भिंत टोपलीला इतकी खेटून की तिथे गाद्या टांगाव्या लागत. क्लॅरेन्स बाकाच्या बरोबर मागे बसला होता. पलीकडे टाल्बटला आता खोकायची गरज उरली नव्हती. खेळ थांबला की तो उभा राहून मनसोक्त ओरडत होता, आणि त्याची पोरं माना डोलावत होती.

शेवटचे काही सेकंद उरले असताना टॅनर एका गुणाने पुढे होतं. डीन चेंडू घेऊन आत घुसला आणि त्यांच्या धिप्पाड पोराने त्याला आडवा केला. शिट्टी झाली. डीनला एक मोफत फेक मिळाली. ती पडली की बरोबरी. डीनची फेक सहसा चुकत नसे, आणि मंचावरच्या बायकांनी तर फडकवायला आताच रुमाल काढले. पण त्या काळी आणखी एक मुभा होती. फेक नाकारायची, चेंडू बाजूच्या रेषेबाहेरून आत घ्यायचा आणि खेळ पुढे चालू करायचा. साधली तर दोन गुणांची टोपली, नाहीतर हात हलवत घरी.

डीनने हात वर करून खेळ थांबवला. पाच पोरं मैदानाच्या मध्यावर गोळा झाली, नेहमीसारखी.

ॲक्सेलने मांड्यांखालून तळवे काढले आणि उठला.

व्यायामशाळा इतकी शांत झाली की वाफेच्या नळ्यांची गुरगुर ऐकू यायला लागली. न्हाव्याने शेजाऱ्याचं मनगट धरलं. पोरांनी कोचला येताना पाहिलं आणि आपसूक ताठ उभी राहिली. क्लॅरेन्स पुढे वाकला होता, कान टवकारून.

ॲक्सेलच्या मनात उत्तर तयार होतं: फेक घे, बरोबरी कर, पुढचं पुढे. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. त्याने डीनकडे पाहिलं.

"काय दिसतंय तुला?"

डीनने एकदा टॅनरच्या पोरांकडे पाहिलं. मग बोलायला लागला ते भराभर. "कोच, फेक घेतली तर बरोबरी होईल. पण मग जादा वेळ खेळावा लागेल आणि त्यात आपण मरतो. मर्लचा घोटा गेलाय, वेन्डेलचे चार अपराध झालेत, पाचव्याला तो बाहेर. त्यांचा उंच गडी मात्र अजून दमलेला नाही. मी म्हणतो, फेक नको, चेंडू घेऊ. चेंडू माझ्या हातात आला की दोघं माझ्यावर येतात. वेन्डेलवर जो आहे ना, तो दर वेळी माझ्याकडे मान वळवतो. दर वेळी, कोच. तेवढ्यात वेन्डेल टोपलीखाली असेल."

वेन्डेलने मान हलवली. "वळवतो खरा. मीही बघतोय."

मर्लचा घोटा ॲक्सेलला बाकावरून दिसला नव्हता. ती वळणारी मानही नाही.

"मग मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "जा!"

आणि परत येऊन बसला. या वेळी हात मांडीवर ठेवून.

डीनने पंचाला सांगितलं की फेक नको. साऱ्या व्यायामशाळेतून "अरे देवा" असा एकच सूर निघाला. क्लॅरेन्स ताडकन उभा राहिला. चेंडू आत आला, डीनकडे गेला, दोघं त्याच्यावर धावले. तिसऱ्याची मान वळली. डीनने त्यांच्या पायांमधून चेंडू आपटून पुढे काढला, वेन्डेल तिथे होताच. चेंडू टोपलीमागच्या फळीवर लागला, कडीवर घुटमळला आणि आत पडला. लगेच शेवटचा भोंगा झाला.

पुढचा गोंधळ काय सांगावा! चर्चच्या बायका मंचावरून उतरल्या त्या पायऱ्यांनी नव्हे, थेट उड्या मारून. न्हावी रडत होता.

गर्दी ओसरली तेव्हा ॲक्सेल बाकाजवळ टॉवेल गोळा करत होता. क्लॅरेन्स समोर येऊन उभा राहिला. जिंकलेल्या पोराचा बाप, पण चेहरा पडलेला.

"तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

"मी काही सांगितलं असतं, तर फेक घे म्हणून सांगितलं असतं. आणि जादा वेळेत आपण मेलो असतो. तुझ्या पोराला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, क्लॅरेन्स."

क्लॅरेन्सने हॅट काढली. मग त्याने विचारलं, आणि आवाज चाळिशीच्या माणसाचा नव्हता, "आणि सत्तावीस साली? बोलायची मुभा असती, तर काय सांगितलं असतंत?"

"पळ म्हणून सांगितलं असतं."

"काय?"

"चेंडू साबणासारखा झाला होता. वारा समोरून. लाथ मारणाऱ्या ऑस्करचे बूट दोन-दोन शेर चिखलाने भरलेले. मी बाकावर बसून मनातल्या मनात बोंबलत होतो, क्लॅरेन्स, लाथ नको, पळ! आणि तू पळालास. एवढा आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल."

"आपण हरलो, कोच."

"ते नंतर."

क्लॅरेन्स मटकन बाकावर बसला. हॅट हातातल्या हातात फिरवत राहिला. "मग हे मला सांगितलं का नाहीत? बावीस वर्षं?"

ॲक्सेलने तोंड उघडलं आणि जे उत्तर होतं ते ऐकून त्याची त्यालाच लाज वाटली. "सोमवार होता," तो म्हणाला.

सोमवारी दुपारी विश्वस्तांची बैठक झाली. ॲक्सेल लुंडीनचं नाव दोन्ही खेळांसाठी पुन्हा मांडलं गेलं, आणि मांडणारा क्लॅरेन्स हॅगलंड होता. तरुण कोचला आभाराचा निरोप गेला. पण ॲक्सेलला त्यातलं काही कळायच्या आधीच, सकाळपासून तो व्यायामशाळेत मंचावरच्या खुर्च्या खाली आणून गोल मांडत होता. हेडविगने भलंमोठं कॉफीचं भांडं आणि दालचिनीचे पाव पाठवले होते.

चार वाजता पोरं आली आणि खुर्च्या बघून दारातच थबकली.

"बसा," ॲक्सेल म्हणाला. "नियम बदललाय. आजपासून दर सोमवारी शनिवारबद्दल बोलायचं. कुणाला काय दिसलं आणि मला काय दिसलं, सगळं."

"हरलो असतो तरी, कोच?" वेन्डेलने विचारलं.

"हरलो तर आधी."

तेवढ्यात दार वाजलं. क्लॅरेन्स हॅट हातात घेऊन उभा होता, आत यावं की नाही अशा पेचात. बैठकीचा निरोप द्यायला आला असावा. डीन बापाकडे बघायला लागला. ॲक्सेलने उठून आणखी एक खुर्ची ओढली, ती आपल्या शेजारी ठेवली आणि कपात कॉफी ओतली.

"ये क्लॅरेन्स, बस. आपण सत्तावीस सालापासून सुरुवात करू." तो पोरांच्या घोळक्यात आपल्या खुर्चीवर टेकला. "चौथा डाव, रेषा दोन यार्डांवर. सांग, काय दिसत होतं तुला?"

क्लॅरेन्सने कप दोन्ही हातांत धरला. पोरं पुढे वाकली.

"वारा समोरून होता," तो म्हणाला.